रॅपिड टेस्ट निगेटिव्ह, काचेवर मात्र फाल्सिपॅरम: एचआरपी-२ जनुक गळाले आहे असे केव्हा म्हणता येईल?

प्रश्न: वैनगंगाकाठ

सर्वांना नमस्कार. मी पूर्व विदर्भातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे तापाच्या रुग्णांची रीघ लागते. गावात आशाताई रॅपिड किटवर हिवतापाची तपासणी करतात आणि त्याच वेळी घेतलेली काचपट्टी केंद्रावर पाठवतात, त्यामुळे एकाच रक्ताचे दोन निकाल माझ्यासमोर येतात. एरवी ते जुळतात. या हंगामात मात्र असे काही नमुने आले, की किटवर फक्त कंट्रोलची रेषा उमटली होती आणि जेएसबी रंगद्रव्याने रंगवलेल्या काचेवर परजीवी स्पष्ट दिसत होते. पातळ लेपात बारीक रिंगा होत्या, काही तांबड्या पेशींत दोन-दोन होत्या, काही रिंगा पेशीच्या अगदी कडेला चिकटलेल्या होत्या आणि एका काचेवर अर्धचंद्राकृती गॅमेटोसाइटही (परजीवीची डासात जाणारी लैंगिक अवस्था) सापडले. त्यामुळे हिवतापाच्या परजीवीची प्रजाती प्लास्मोडियम फाल्सिपॅरमच आहे याविषयी मला शंका नाही. किटची मुदत शिल्लक होती आणि दुसऱ्या पेटीतल्या किटवर पुन्हा तपासले तरी निकाल बदलला नाही.

एका प्रशिक्षणात असे ऐकले होते, की किट ज्या प्रथिनावर अवलंबून असते त्या प्रथिनाचे जनुकच काही परजीवींमध्ये नसते. हे खरे असेल, तर एखाद्या सजीवाच्या गुणसूत्रातून अख्खे जनुक जाते कसे आणि ते गेल्यावर तो जगतो कसा, हे मला समजून घ्यायचे आहे. आणि माझ्याकडचे नमुने तसेच आहेत की नाहीत, हे खात्रीने ठरवायचे तर काय करावे लागेल?

उत्तर १: रक्तलेप

आपले निरीक्षण मोलाचे आहे, कारण किट आणि काच दोन्ही एकाच रुग्णाच्या रक्तावर पाहणारे केंद्र नसेल तर अशी विसंगती कधीच उजेडात येत नाही. रुग्णाचा उपचार काचेच्या निकालावर सुरू झाला असेलच, असे धरून पुढे लिहितो. जनुक नसणे हे या कोड्याचे एक संभाव्य उत्तर आहे, परंतु ते सर्वांत शेवटी स्वीकारण्याचे उत्तर आहे, आणि त्याआधीच्या बहुतेक शक्यता आपल्याला आपल्याच टेबलावर तपासता येतात.

प्रथम किटची रचना पाहू. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१३ पासून जे दुहेरी किट आले, त्यात फाल्सिपॅरमची रेषा हिस्टिडीनने समृद्ध असलेले प्रथिन-२, म्हणजे एचआरपी-२, पकडते आणि दुसरी रेषा व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रजातीचे लॅक्टेट डीहायड्रोजनेज (एलडीएच) हे विकर पकडते. याचा अर्थ असा, की एचआरपी-२ न बनवणारा फाल्सिपॅरम या किटवर दोन्हीकडून निसटतो. बाजारात अशीही किट मिळतात ज्यांच्यात सर्व प्रजातींचे किंवा फक्त फाल्सिपॅरमचे एलडीएच पकडणारी रेषा असते. शक्य असेल तर तेच रक्त अशा किटवर लावून पाहावे. एलडीएचची रेषा उमटली आणि एचआरपी-२ ची उमटली नाही, तर शंका घेण्यास पुरेसे कारण मिळते. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर हाती येणारा पुरावा आहे.

दुसरी शक्यता परजीवींची संख्या फार कमी असण्याची आहे. जाड लेपात २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले ते लिहून ठेवावे. पांढऱ्या पेशी प्रति मायक्रोलिटर ८,००० गृहीत धरल्या, तर त्या आकड्याला ४० ने गुणले की प्रति मायक्रोलिटर परजीवींची संख्या मिळते. चांगल्या किटकडून साधारण २०० परजीवी प्रति मायक्रोलिटर एवढ्या संख्येला नक्की रेषा उमटावी अशी अपेक्षा असते. म्हणजे २०० पांढऱ्या पेशींमागे पाच परजीवी दिसत असतील, तर आपण अगदी सीमेवर आहोत आणि किट निगेटिव्ह येण्यात नवल नाही. पण तेथे पन्नास-शंभर परजीवी दिसत असतील, तर ही सबब पुरत नाही.

तिसरी शक्यता याच्या अगदी उलट आहे आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. रक्तात एचआरपी-२ प्रमाणाबाहेर असेल, तरीही रेषा पुसट होते किंवा उमटतच नाही. रेषा उमटायला एका प्रथिनाच्या रेणूला दोन प्रतिपिंडांनी दोन बाजूंनी धरावे लागते: एक सोन्याच्या कणांना जोडलेले, वाहत येणारे आणि दुसरे पट्टीवर पक्के बसवलेले. प्रथिन अतोनात असले की वाहते प्रतिपिंड एका रेणूने भरून जाते, पट्टीवरचे दुसऱ्याने भरून जाते, आणि दोघांना जोडणारा सामायिक रेणू उरत नाही. हा प्रकार अतिशय गंभीर, भरपूर परजीवी असलेल्या रुग्णांत घडतो, म्हणजे जेथे चूक सर्वांत महाग पडते तेथेच. रक्त सलाइनमध्ये दहापट आणि पन्नासपट पातळ करून पुन्हा किटवर लावावे. पातळ केल्यावर रेषा उमटली, तर जनुक शाबूत आहे आणि प्रश्न तेथेच मिटतो.

उरला साठवणुकीचा भाग. कंट्रोलची रेषा आली म्हणजे किट चांगले, असे आपण सगळे मानतो. ती रेषा एवढेच सांगते, की द्रव पट्टीवरून नीट वाहिला आणि रंगीत प्रतिपिंड शाबूत आहे. तपासणीच्या रेषेवरचे प्रतिपिंड उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत निकामी झाले असेल, तर कंट्रोलची रेषा त्याबद्दल काहीही सांगत नाही. म्हणून त्याच पेटीतले किट एखाद्या पक्क्या पॉझिटिव्ह रक्तावर लावून पाहणे आवश्यक आहे. आपण दुसऱ्या पेटीतून तपासले हे योग्यच केले, पण दोन्ही पेट्या एकाच कपाटात ठेवलेल्या असतील तर तो पडताळा अपुरा राहतो.

उत्तर २: गुणसूत्र तेरा

जनुक जाते कसे, या भागाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते, कारण फाल्सिपॅरमच्या जनुकीय रचनेतील सर्वांत रंजक प्रदेश नेमका येथेच आहे.

फाल्सिपॅरमचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये ३डी७ या प्रयोगशाळेतील वंशावरून प्रसिद्ध झाला. त्यात १४ गुणसूत्रे, सुमारे २.३ कोटी बेसजोड्या (डीएनएची अक्षरे) आणि सुमारे ५,३०० जनुके आहेत, आणि अ‍ॅडेनिन व थायमिन यांचे एकत्रित प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक आहे. परजीवीला जगण्यासाठी जी जनुके अपरिहार्य असतात, ती बहुतांशी गुणसूत्रांच्या मधल्या भागात आहेत आणि जगाच्या वेगवेगळ्या भागांतील वंशांत त्यांचा क्रम फारसा बदलत नाही. टोकांकडे गेलो की चित्र पालटते. तेथे व्हार, रिफिन, स्टीव्हॉर अशा मोठ्या जनुककुटुंबांची गर्दी आहे. एकट्या व्हार कुटुंबात सुमारे ६० जनुके आहेत आणि त्यांच्यापैकी एका वेळी एकच व्यक्त करून परजीवी आपल्या प्रतिकारशक्तीला चकवत राहतो. केंद्रकात ही टोके सुटी नसतात. निरनिराळ्या गुणसूत्रांची चार ते सात टोके केंद्रकाच्या कडेला एकत्र गुंफलेली असतात आणि त्या जवळिकीमुळे एका गुणसूत्राच्या टोकाचा तुकडा दुसऱ्याच गुणसूत्राच्या टोकाशी अदलाबदल होऊ शकतो. व्हार जनुकांचे अफाट वैविध्य या अदलाबदलीतूनच येते, म्हणजे टोकांची अस्थिरता ही परजीवीची जगण्याची रीत आहे.

एचआरपी-२ चे जनुक आठव्या गुणसूत्रावर आणि त्याच्याशी साम्य असलेले एचआरपी-३ चे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. दोन्ही आपापल्या गुणसूत्राच्या टोकापासून एक लाख बेसजोड्यांच्या आत बसलेली आहेत, आणि त्यांच्या गळण्याचे मूळ या पत्त्यात आहे.

आठव्या गुणसूत्रात जे घडते ते तुलनेने सरळ आहे. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की तुटलेली टोके तशीच एकमेकांना चिकटवून टाकण्याची जी यंत्रणा माणसाच्या पेशीत असते, ती नेहमीच्या स्वरूपात प्लास्मोडियममध्ये नाही. तिच्यासाठी लागणारी प्रथिनेच या परजीवीत सापडत नाहीत. दुरुस्ती करायची तर जुळणारा दुसरा डीएनए साचा म्हणून हवा. तो मिळाला नाही, तर आणखी एक वाट उरते: टेलोमरेज हे विकर तुटलेल्या जागीच टेलोमिअरची, म्हणजे गुणसूत्राच्या टोकावरील संरक्षक टोपणाची, पुनरावृत्ती जोडून गुणसूत्राला नवे टोक करून देते. गुणसूत्र वाचते, पण तुटलेल्या जागेपलीकडचे सगळे कायमचे गमावले जाते. एचआरपी-२ नसलेल्या वंशांत टेलोमिअर थेट या जनुकाच्या आत किंवा त्याच्या लगत सुरू झालेले आढळते. त्यापलीकडची जनुकेही त्याबरोबर गेलेली असतात.

तेराव्या गुणसूत्राची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेराव्या आणि अकराव्या गुणसूत्रांवर रायबोसोमच्या आरएनएची जनुके असलेला, जवळजवळ एकसारखा असा सुमारे १५ हजार बेसजोड्यांचा पट्टा आहे. या सारखेपणामुळे दोन भिन्न गुणसूत्रांचा डीएनए तेथे एकमेकांशी जुळतो. अदलाबदल झाली की तेराव्याचे टोक, एचआरपी-३ सह, जाते आणि त्या जागी अकराव्याच्या टोकाची दुसरी प्रत येऊन बसते. अशा परजीवीच्या डीएनएचे वाचन केले, तर एचआरपी-३ च्या जागी शून्य आणि अकराव्याच्या टोकाला दुप्पट वाचने मिळतात, आणि हा दुहेरी ठसा ओळखता आला की घटना कशी घडली हे सांगता येते.

यात एक गोष्ट विसरू नये. माणसाच्या शरीरात हा परजीवी पूर्ण काळ एकगुणित असतो. प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत. आपल्यासारखी दुसरी प्रत सांभाळून घ्यायला नसते, त्यामुळे जनुक एकदा गेले की त्या परजीवीच्या सर्व वंशजांत त्याचा परिणाम लगेच उघडा पडतो. दोन वेगळ्या वंशांचे मीलन फक्त डासाच्या पोटात होते आणि तेथे अर्धसूत्री विभाजनात गळालेले टोक पुढच्या पिढीतल्या निम्म्या परजीवींना मिळू शकते.

वैनगंगाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पातळ करून पाहिले, रेषा आली नाही. परजीवींची संख्याही कमी नाही. एलडीएच रेषेचे किट मागवले आहे. आता दोन गोष्टी विचारते. एचआरपी-२ प्रथिन परजीवीच्या काही कामाचे नाही का? आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पीसीआरची (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून शोधण्याच्या तपासणीची) सोय आहे; तेथे एचआरपी-२ चा पीसीआर निगेटिव्ह आला, म्हणजे जनुक नाही हे सिद्ध झाले असे समजावे काय?

उत्तर ३: गुणसूत्र तेरा

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर देते. एचआरपी-२ मध्ये सुमारे एक तृतीयांश अमिनो आम्ले हिस्टिडीनची आहेत आणि हिस्टिडीन लोहयुक्त हीमला धरून ठेवते. त्यामुळे हिमोग्लोबिन पचवताना सुटणारे विषारी हीम निरुपद्रवी हिमोझोइन रंगद्रव्यात बदलण्यास हे प्रथिन मदत करत असावे, असा विचार पुढे आला. परंतु डीडी२ या प्रयोगशाळेतील वंशात एचआरपी-२ नाही आणि एचबी३ या वंशात एचआरपी-३ नाही, तरीही दोन्ही वंश वर्षानुवर्षे बाटल्यांमध्ये वाढवले जात आहेत आणि दोन्ही हिमोझोइन व्यवस्थित बनवतात. म्हणजे हे प्रथिन उपयोगी असेल, पण अपरिहार्य नाही. जगातील बहुसंख्य फाल्सिपॅरमने ते टिकवून ठेवले आहे हे पाहता नैसर्गिक संसर्गात त्याचा काहीतरी लाभ असावा, असा माझा तर्क आहे. एलडीएचची स्थिती याउलट आहे. साखरेपासून ऊर्जा मिळवताना रक्तातील परजीवीला ते विकर लागतेच, त्याचे जनुक टोकापासून दूर आहे आणि ते गमावून परजीवी जगू शकत नाही. निदानासाठी लक्ष्य निवडताना हा फरक सुरुवातीलाच विचारात घेतला गेला असता तर बरे झाले असते, असे मला फार वाटते. अर्थात एचआरपी-२ ची निवड निष्कारण झालेली नव्हती: ते भरपूर बनते, परजीवी ते पेशीबाहेर सोडतो, उष्णतेत ते टिकते आणि एलडीएचच्या किटपेक्षा त्याची किट सहसा अधिक संवेदनशील ठरतात.

उत्तर ४: पीसीआर टेबल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे "नाही" असे आहे, आणि या विषयातील सर्वांत अधिक घाईचे निष्कर्ष याच ठिकाणी काढले जातात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पीसीआरमध्ये पट्टा दिसला, तर जनुक आहे हे कळते. पट्टा दिसला नाही, तर फक्त एवढेच कळते की या नळीत ते वाढले नाही. डीएनए कमी होता, तो तुटला होता, रक्तातील एखाद्या घटकाने विकराला अडथळा केला, प्रायमर (वाढीची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसण्याच्या जागी एखादा बेस बदललेला होता, नळीत काही टाकायचे राहिले, या सर्वांचा निकाल डोळ्यांना सारखाच दिसतो. एखादी गोष्ट नाही हे दाखवायचे असेल, तर बाकी सगळे तेथे आहे आणि उत्तम स्थितीत आहे, हे आधी दाखवावे लागते.

अनेकजण यासाठी १८एस रायबोसोमच्या जनुकाचा पीसीआर करतात, तो पॉझिटिव्ह आला की डीएनए चांगला आहे असे धरतात आणि मग एचआरपी-२ निगेटिव्ह म्हणजे जनुक नाही असे लिहून मोकळे होतात. ही तुलना चुकीची आहे. १८एस जनुकाच्या परजीवीत अनेक प्रती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेल्या असतात, तर एचआरपी-२ ची प्रत एकच असते. डीएनए अगदी कमी असलेल्या नमुन्यात १८एस सापडेल आणि एकच प्रत असलेले कुठलेही जनुक सापडणार नाही. म्हणून पडताळ्यासाठी ज्यांची प्रतही एकच आहे अशीच जनुके घ्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एमएसपी-१, एमएसपी-२ आणि ग्लर्प यांसारख्या जनुकांपैकी किमान दोन त्याच नमुन्यात यशस्वीपणे वाढली, तरच एचआरपी-२ च्या अनुपस्थितीला अर्थ येतो. ही जनुके वंशावंशांत लांबीने वेगळी असतात, त्यामुळे याच पीसीआरमधून रुग्णाच्या रक्तात एक वंश आहे की अनेक, हेही समजते, आणि ती माहिती पुढे उपयोगी पडते.

एचआरपी-२ च्या पीसीआरमध्येही काळजी हवी. या जनुकाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात अ‍ॅलानिन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल यांच्या त्याच त्या पुनरावृत्ती आहेत आणि त्यांची संख्या प्रत्येक वंशात वेगळी असते. एचआरपी-३ मध्येही तशाच पुनरावृत्ती असल्यामुळे प्रायमर नीट निवडला नसेल, तर नसलेल्या एचआरपी-२ ऐवजी असलेले एचआरपी-३ वाढून फसगत होते. म्हणून जनुकाचे दोन्ही भाग आणि शक्य असल्यास शेजारची जनुकेही तपासावीत. प्रत्येक फेरीत नियंत्रण म्हणून ३डी७ चा डीएनए, ज्यात दोन्ही जनुके आहेत, डीडी२ चा, ज्यात एचआरपी-२ नाही, आणि एचबी३ चा, ज्यात एचआरपी-३ नाही, असे तिन्ही लावावेत. डीडी२ च्या नळीत एचआरपी-२ चा पट्टा दिसला, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाजूला ठेवून प्रायमरपासून तपासणी सुरू करावी.

एचआरपी-३ ची तपासणी वगळू नये, याचे कारण किटच्या वागण्यातही आहे. किटमधील प्रतिपिंडे ज्या पुनरावृत्ती ओळखतात, त्यांतील काही एचआरपी-३ मध्येही आहेत. त्यामुळे एचआरपी-२ नाही पण एचआरपी-३ आहे आणि परजीवी भरपूर आहेत, अशा रुग्णात किट पॉझिटिव्ह येऊ शकते. रेषा अजिबात न येणारे आपले नमुने खरोखर जनुक गळालेले असतील आणि परजीवींची संख्या आपण म्हणता तशी चांगली असेल, तर त्यांत बहुधा दोन्ही जनुके नसतील, असा माझा अंदाज आहे.

ज्यांच्याकडे पूर्ण जनुकसंचाचे वाचन करण्याची सोय आहे, त्यांनीही सावध राहावे. माणसाच्या डीएनएच्या गर्दीतून परजीवीचा डीएनए निवडून वाढवण्याच्या पद्धतीत काही भाग जास्त वाढतात आणि काही कमी. टोकाकडील भाग आणि अ‍ॅडेनिन-थायमिनने भरलेले भाग मुळातच कमी वाचले जातात. त्यामुळे एचआरपी-२ वर वाचने नाहीत एवढ्याने भागत नाही. त्याच्या आतल्या बाजूची जनुके भरपूर वाचली गेली आहेत, एका नेमक्या जागी वाचने थांबतात आणि तेथून टेलोमिअरची पुनरावृत्ती सुरू होते, असा जोड दाखवता आला तर तो पुरावा निर्विवाद ठरतो.

उत्तर ५: साथरोग नकाशा

वरील चर्चेत एक बाजू राहिली आहे: ही जनुके काही प्रदेशांत इतकी गळालेली आणि काही प्रदेशांत जवळजवळ शाबूत का आहेत?

रुग्णांमध्ये हा प्रकार प्रथम ठळकपणे समोर आला तो पेरूच्या अ‍ॅमेझॉन भागातून, २०१० मध्ये. तेथील १४८ नमुन्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये एचआरपी-२ आणि ७० टक्क्यांमध्ये एचआरपी-३ नव्हते. तेथे निदान प्रामुख्याने सूक्ष्मदर्शकावर होत असे, म्हणजे किटच्या वापरामुळे असे परजीवी निवडले गेले असे म्हणता येत नाही. संसर्ग कमी, परजीवींची लोकसंख्या लहान आणि बरीचशी एकाच वंशातून पसरलेली असली, की एखादे अनावश्यक जनुक नसलेला वंशही योगायोगाने प्रबळ होऊ शकतो.

आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे ईशान्य आफ्रिकेत, चित्र वेगळे आहे. एरिट्रियातील दोन रुग्णालयांतल्या, संख्येने लहान पण धक्कादायक अशा पाहणीत एका ठिकाणच्या ८०.८ टक्के आणि दुसऱ्या ठिकाणच्या ४१.७ टक्के फाल्सिपॅरम रुग्णांच्या परजीवींत एचआरपी-२ नव्हते, आणि त्या देशाने २०१६ मध्येच एचआरपी-२ वर अवलंबून असलेली किट बदलली. इथिओपियात १२,५७२ व्यक्तींच्या पाहणीवर आधारलेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला या विषयातील सर्वांत बोलका वाटतो. एचआरपी-२ च्या किटमधून फाल्सिपॅरमचे सुमारे ९.७ टक्के रुग्ण निसटतील, असा अंदाज त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूच्या डीएनएच्या तुलनेवरून असे दिसले, की एचआरपी-३ अनेकदा, स्वतंत्रपणे आणि आधी गळालेले आहे. एचआरपी-२ गळालेला वंश मात्र अलीकडचा, मुख्यतः एकाच मुळाचा आणि वेगाने पसरलेला आहे. अशी वेगवान वाढ नैसर्गिक निवडीखेरीज समजावता येत नाही. किट निगेटिव्ह आलेल्या रुग्णाला औषध मिळत नाही, त्याच्या रक्तातील परजीवी डासांपर्यंत पोहोचत राहतो, आणि किटने पकडलेल्या रुग्णातील परजीवी औषधाने मरतो. हे हंगामामागून हंगाम घडले, की किटला न दिसणारा वंश वाढतो. एचआरपी-३ आधीच नसलेल्या परजीवीतून एचआरपी-२ गेले, तरच तो किटपासून पूर्ण लपतो, म्हणून घटनांचा हा क्रमही अर्थपूर्ण आहे.

भारतात छत्तीसगडमधील नमुन्यांत ही जनुके नसल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली आठ राज्यांत पाहणी झाली. प्रमाण एकंदरीत थोडे होते, राज्याराज्यांत वेगळे होते, पण शून्य नव्हते. गडचिरोलीची हद्द छत्तीसगडला लागून आहे आणि महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार तेथेच आहे, त्यामुळे आपल्या केंद्रातील निरीक्षणाकडे मी एक अपवाद म्हणून पाहणार नाही.

प्रमाण कमी दिसण्यामागे एक फसवे कारणही असू शकते. एकाच रुग्णात दोन-तीन वंश असतील, तर त्यांपैकी एकाने जरी एचआरपी-२ बनवले तरी किट पॉझिटिव्ह येते आणि पीसीआरही पॉझिटिव्ह येतो. समजा दर दहा वंशांपैकी एकात जनुक नाही. एकाच वंशाचा संसर्ग असलेल्या शंभर रुग्णांत असे दहा दिसतील, परंतु प्रत्येकात दोन वंश असतील आणि ते एकमेकांवर अवलंबून नसतील, तर शंभरात एकच दिसेल. हिवताप जसजसा कमी होतो तसतसे मिश्र संसर्ग कमी होतात आणि लपलेले वंश उघडे पडू लागतात. म्हणून निर्मूलनाच्या जवळ आलेल्या जिल्ह्यांत काचपट्टीचे काम सोडून देण्याचा विचार मला घातक वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा निकष असा आहे, की लक्षणे असलेल्या फाल्सिपॅरम रुग्णांपैकी एचआरपी-२ गळाल्यामुळे निसटणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर आहे असे संख्याशास्त्रीय खात्रीने दिसले, तर त्या भागात किट बदलावीत. हे प्रमाण काढताना भाजक म्हणून सर्व फाल्सिपॅरम रुग्ण धरायचे असतात. फक्त विसंगत निकालाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि त्यांतल्या निम्म्यांत जनुक नाही असे निघाले, तर त्या निम्म्याचा जिल्ह्यातील प्रमाणाशी थेट संबंध नसतो. म्हणून आपण हंगामातील जुळलेल्या निकालांचीही नोंद ठेवावी.

वैनगंगाकाठ

एलडीएच रेषेचे किट आले. ज्या दोन रुग्णांचे उपचारापूर्वीचे रक्त जपून ठेवले होते, त्यांच्यावर एलडीएचची रेषा उमटली आणि एचआरपी-२ ची उमटली नाही. जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना लेखी कळवले आहे आणि त्यांनी नमुने संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तयारी दाखवली आहे. शीतपेटी लगेच मिळेल असे वाटत नाही. नमुने कसे जपावेत?

उत्तर ६: पीसीआर टेबल

शीतपेटीची आवश्यकता नाही. यापुढे विसंगत निकाल आला की उपचार सुरू होण्यापूर्वीच, त्याच बोटाच्या टोचणीतून, गाळणकागदावर तीन-चार थेंब घ्यावेत. थेंब एकमेकांना भिडू देऊ नयेत. कागद सावलीत, धूळ आणि माश्या लागणार नाहीत अशा जागी आडवा ठेवून पूर्ण वाळवावा. दमट हवेत याला रात्रभरही लागतो. ओला कागद पिशवीत घातला, तर बुरशी येते आणि डीएनए नष्ट होतो. पावसाळ्यात नमुने वाया जाण्याचे मुख्य कारण हेच आहे. प्रत्येक कागद वेगळ्या झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा आणि पुडीचा रंग बदलला की ती बदलावी. कागदावर पेन्सिलीने सांकेतिक क्रमांक आणि तारीख लिहावी, रुग्णाचे नाव लिहू नये. संमती आणि नावांची नोंद केंद्रातील वहीत राहू द्यावी. त्याच क्रमांकाने काचपट्टी, परजीवींची मोजलेली संख्या आणि किटचा बॅच क्रमांक यांची नोंद जोडावी.

ज्या रुग्णांच्या रक्ताचे थेंब घ्यायचे राहून गेले, त्यांची वापरलेली किट फेकली गेली नसतील तर तीही याच पद्धतीने कोरडी ठेवून पाठवावीत. किटच्या आतील पट्टीवर रक्त वाळलेले असते आणि त्यातून पीसीआरपुरता डीएनए काढता येतो.